परळच्या काकूंचा आठवड्याच्या नाश्त्याचा डबा: भिजवलेलं, वाटलेलं, मोड आलेलं सगळं रविवारी दारात

नाश्त्यात वीसेक ग्रॅम प्रोटीन आपल्या नेहमीच्या कडधान्यांतूनच येतं, सगळं अडतं ते आदल्या दिवशीच्या कामापाशी. मूग भिजवा, उपसा, फडक्यात बांधा, डाळ वाटा, दही टांगा, भाजणी भाजा, दळून आणा. हे सगळं करायला जो वेळ लागतो तो मुंबईत नोकरी करणाऱ्या बाईकडे किंवा पुरुषाकडे सकाळी नसतोच आणि रविवारी असला तरी तो झोपेत, बाजारहाटात आणि नातेवाईकांत जातो. परळमधल्या दोन जावा नेमकं हेच काम करून देतात आणि गेले काही महिने आमच्या घरी त्यांचाच डबा येतोय, म्हणून आज सविस्तर लिहितेय. त्यांच्या धंद्याला अजून नाव नाहीये, बिल्डिंगमध्ये सगळे 'काकूंचा डबा' म्हणतात, मीही तेच म्हणते.

आधी हे सांगते की हा तयार नाश्ता नाही. उघडला आणि खाल्ला असं यातलं फार थोडं आहे. काकू अर्धी तयारी देतात, उरलेलं दहा-पंधरा मिनिटांचं काम आपलं. आणि मला तेच आवडलं, कारण आठवडाभर आधी शिजवून ठेवलेलं अन्न रोज गरम करून खायला आमच्या घरात कुणीच तयार नाही. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तव्यावरून थेट ताटात आलेलं लागतं. नवऱ्याला सात पन्नासची लोकल धरायची असते त्यामुळे त्याला सात वीसला ताट समोर हवं. लेक अकरावीत आहे, क्लासला जाताना उभ्या उभ्या खाते. या तिघांना एकाच ओट्यावरून वेळेत खाऊ घालायचं तर पीठ आदल्या दिवशीच तयार असायला हवं.

दोन माणसांचा पाच दिवसांचा डबा ९५० रुपयांना आहे. आम्ही चार माणसं म्हणून दोन घेतो. शुक्रवारी रात्रीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर टाकायची, रविवारी संध्याकाळी पाच ते आठमध्ये डबा येतो. परळ, लालबाग, प्रभादेवी आणि दादर पश्चिम एवढ्याच भागात देतात. डबे स्टीलचे, पहिल्यांदा अनामत घेतात, मग पुढच्या रविवारी रिकामे धुतलेले डबे द्यायचे आणि भरलेले घ्यायचे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली असते, त्यावर तारीख, काय काय घातलंय, किती दिवसांत संपवायचं आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नोंदणी क्रमांक. घरगुती माणसांकडून घेताना मी हा क्रमांक बघतेच, तुम्हीही बघत जा.

आणि त्या चिठ्ठीवरच मी पहिल्यांदा खरी खूश झाले. मोड आलेल्या मुगाच्या डब्यावर लिहिलेलं असतं 'सुके मूग २०० ग्रॅम'. मोड आलेल्या मुगाचं वजन कितीही भरो, त्यावर मोजलेलं नाही. हे किती महत्त्वाचं आहे ते सांगते. सुक्या मुगात १०० ग्रॅमला साधारण २२ ते २४ ग्रॅम प्रोटीन असतं. तेच मूग भिजले, मोड आले की पाणी पिऊन दुप्पट-अडीचपट होतात, पण प्रोटीन काही दुप्पट होत नाही, आहे तेवढंच पाण्यात वाटलं जातं. म्हणजे १०० ग्रॅम मोड आलेल्या मुगात त्याच्या निम्म्यानेही भरत नाही, आणि मोड जितके लांब तितकं अजून कमी. बाजारात मोडांच्या पाकिटावर सुक्या मुगाचा आकडा छापून विकणारे मी स्वतः पाहिलेत. काकूंची भाची न्यूट्रिशन शिकतेय, तिने हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांवरून सगळं मांडून दिलंय. एवढ्याशा धंद्यात इतका प्रामाणिकपणा बघून मला खरंच बरं वाटलं.

आता एकेक पदार्थ घेते.

सगळ्यात वरचा नंबर मुगाच्या धिरड्याच्या पिठाचा. अख्खे हिरवे मूग सालीसकट भिजवून, आलं-मिरची-जिरं घालून वाटलेलं, थोडासा तांदूळ फक्त कडा कुरकुरीत व्हायला. पीठ जरा दाटच येतं आणि पहिल्या वेळी मी पाणी घालायला निघाले होते तेव्हा फोनवर धाकट्या काकू म्हणाल्या, "पाणी नको घालूस गं, तवा चांगला तापू दे, त्यावर पाण्याचा हबका मार, पूस, मग पसरव." तसं केलं आणि धिरडं अजिबात चिकटलं नाही, तेही साध्या लोखंडी तव्यावर. चव मुगाची, उगाच मसाल्यांनी झाकलेली नाही. दोन मोठी धिरडी म्हणजे साधारण ५० ग्रॅम सुके मूग, त्याचे अकरा-बारा ग्रॅम प्रोटीन. सोबत वाटीभर दही आणि दोन चमचे शेंगदाण्याची चटणी घेतली की आकडा वीसच्या आसपास जातो आणि पोट दुपारच्या डब्यापर्यंत धरून राहतं. वरून किसलेलं पनीर पसरलं तर लेकीला अजून आवडतं, तेव्हा तर आकडा वीसच्या पुढेच.

वीस वीस काय करतेय तेही सांगून टाकते. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे तब्येतीने ठीक असलेल्या मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. ६० किलोच्या बाईला म्हणजे ५० ग्रॅम. आपल्याकडे होतं काय की सकाळी पोहे नाहीतर उपमा नाहीतर चहा-खारी, दुपारी पोळी-भाजी, आणि वरण जे काय असेल ते रात्री, तेही पातळ. म्हणजे दिवस संपत आला तरी निम्मंही झालेलं नसतं. सकाळीच वीस झाले की उरलेले तीस पोळी, वरण, ताक, उसळ यातून सहज होतात, त्यासाठी वेगळं काही विकत आणावं लागत नाही. ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी मात्र प्रोटीन वाढवायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचंच, तिथे हा हिशोब लागू होत नाही.

पोह्यांना नावं ठेवायची माझी इच्छा अजिबात नाही. पण आकडा बघा, एका माणसाचे ६० ग्रॅम पोहे घेतले तर त्यात चार-साडेचार ग्रॅम प्रोटीन. त्यात मूठभर शेंगदाणे सढळ हाताने घातले, मटार घातले आणि बाजूला मोडाच्या मटकीची वाटी ठेवली की तेच पोहे चांगला नाश्ता होतात. काकूंच्या डब्यातली मटकी मी गुरुवारी अशीच वापरते. साबुदाण्यात मात्र प्रोटीन जवळपास नाहीच, प्रकाश हॉटेलचा साबुदाणा वडा मला जीव की प्राण आहे, तो मी सुट्टीच्या दिवशी दादरला जाऊन आवडीने खाते आणि त्यावेळी प्रोटीनचा विचार करत नाही.

दुसरा पदार्थ मोड आलेली मटकी आणि मूग, वेगवेगळ्या डब्यात. मोड छोटे, नुकते फुटलेले, आमच्याकडे असेच लागतात, लांब शेपट्या आलेले मोड शिजवले की बेचव लागतात. मटकीला वास नाही, तार नाही, चिकटपणा नाही. हे मी मुद्दाम सांगतेय कारण मुंबईच्या हवेत मोड आणणं हे नाजूक काम आहे. उकाडा आणि दमटपणा मोडांना आवडतो तसाच जंतूंनाही आवडतो, आणि कच्चे मोड खाऊन पोट बिघडायचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून काकूंच्या चिठ्ठीवर 'वाफवूनच खा' असं ठळक लिहिलंय आणि मला ते पटतं. घरात म्हातारी माणसं, लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर कच्च्या मोडांची कोशिंबीर नकोच, पाच-सात मिनिटं वाफ काढा, मग कांदा-टोमॅटो-लिंबू घाला, चव कुठेही जात नाही. आमच्याकडे आई आहेत, साखर आहे त्यांना, तेव्हा मी हे कटाक्षाने पाळते. ४० ग्रॅम सुक्या मटकीची उसळ म्हणजे आठ ग्रॅम, दही आणि एक पोळी धरली की पंधरा-सोळापर्यंत जातं. आईंना सकाळी उसळ-पोळी दिली की अकरा वाजता काहीतरी तोंडात टाकायची इच्छा होत नाही असं त्या स्वतः म्हणतात.

तिसरं आप्प्यांचं पीठ. इडलीच्या पिठात तांदूळ बराच जास्त आणि उडीद कमी असतो, काकूंनी तांदूळ निम्म्यावर आणलाय आणि उरलेल्या निम्म्यात उडीद, चणाडाळ आणि मूगडाळ. त्यामुळे आप्पे इडलीइतके हलके होत नाहीत, जरा भरीव होतात, आणि हे ज्यांना आवडत नाही त्यांना नाही आवडणार. आमच्याकडे नवऱ्याला नाही आवडत. मला आणि लेकीला आवडतात कारण वरून कुरकुरीत होतात आणि त्यात गाजर, कोथिंबीर, कांदा काहीही खपतं. रविवारी रात्रीच मी एक घाणा जास्त काढते आणि गार झाले की फ्रीझरला टाकते, लेकीची परीक्षा असली की सकाळी तेच आप्पेपात्रात झाकण ठेवून मंद आचेवर गरम करायचे, ताजे केल्यासारखे लागतात. मायक्रोवेव्हमध्ये केले तर रबरासारखे होतात, तसं करू नका.

धान्य आणि डाळ एकत्र का, हे मोठ्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आमच्या आजीने तसंच केलं." भाचीने समजावलं ते असं की तांदूळ-ज्वारी-गव्हात लायसिन नावाचं एक अमिनो आम्ल कमी पडतं, ते डाळींत भरपूर असतं, आणि डाळींत मेथिओनिन कमी पडतं ते धान्यात असतं, दोन्ही दिवसभरात पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून निघते. वरण-भात, खिचडी, थालीपीठ, पुरणपोळीसुद्धा, सगळं आपल्याकडे आधीपासून याच जोडीवर उभं आहे.

भाजणी. यावर जरा जास्त लिहिणार आहे कारण मला भाजणीची फार आवड आहे आणि मुंबईत चांगली भाजणी मिळणं कठीण झालंय. दुकानातल्या बऱ्याच भाजण्यांत गहू-तांदूळ इतका असतो की थालीपीठ पराठ्यासारखं लागतं आणि धण्या-जिऱ्याचा वास पाकीट उघडल्यावर दोन दिवसांत संपतो. मोठ्या काकू भाजणीत ज्वारी, बाजरी आणि थोडा तांदूळ निम्मा आणि चणाडाळ, उडीद, मूग निम्मे घालतात, प्रत्येक धान्य वेगळं भाजतात, कारण बाजरी आणि चणाडाळ एकाच वेळेत भाजून होत नाहीत, एकत्र टाकलं तर एक करपतं आणि दुसरं कच्चं राहतं. हे वेगळं भाजणं म्हणजे कढईपुढे दोन-अडीच तास उभं राहणं, परळच्या त्या छोट्या स्वयंपाकघरात मे महिन्यातसुद्धा. डबा उघडला की भाजलेल्या उडदाचा जो वास येतो त्यातच ते काम कळतं. ६० ग्रॅम भाजणीचं एक मोठं थालीपीठ, त्यात साडेनऊ-दहा ग्रॅम प्रोटीन, वर लोणी नाहीतर दही. मी पीठ मळताना साध्या पाण्याऐवजी दह्याचं गाळलेलं पाणी घालते, थालीपीठ मऊ राहतं आणि डब्यात नेलं तरी दुपारी वातड होत नाही.

ते पाणी कुठून येतं, तर चक्क्यातून. डब्यात पाव किलो चक्का असतो, बिनसाखरेचा. आता लोक ज्याला ग्रीक योगर्ट म्हणून महागात घेतात त्याच्या अगदी जवळचाच हा पदार्थ, श्रीखंडासाठी आपण वर्षानुवर्षं घरात टांगतोय. साध्या दह्यात १०० ग्रॅमला तीन-चार ग्रॅम प्रोटीन, चक्क्यात पाणी निथळल्यामुळे त्याच्या दुपटीच्या आसपास. काकू निथळलेलं पाणीसुद्धा छोट्या बाटलीत देतात, सांगितलं तर. चक्क्यात थोडं मीठ, मिरपूड, किसलेली काकडी पिळून घातली आणि धिरड्याला लावलं तर चटणीची गरज लागत नाही. लेक त्यात केळं आणि भाजलेले शेंगदाणे घालून खाते, साखर नाही, मध नाही. यात एकच अट आहे, बुधवारपर्यंत संपवायचा, त्यानंतर आंबट होतो.

शेवटचं कुळथाचं पीठ, छोटी पिशवी. काकू मूळच्या कोकणातल्या, त्यामुळे कुळीथ भाजून, भरडून, पाखडून मग दळलेला. पिठलं कडू लागत नाही, माती लागत नाही. सकाळी पिठलं-भाकरी खाणारी घरं आता मुंबईत कमी आहेत पण खाऊन बघा, ३० ग्रॅम पिठात साडेसहा ग्रॅम प्रोटीन, सोबत ज्वारीची एक भाकरी की बारा-तेरा. सकाळी जमत नसेल तर रात्री करा. पावसाळ्यात भिजून घरी आल्यावर गरम कुळथाचं पिठलं आणि मऊ भात यासारखं पोटाला शांत करणारं दुसरं काही मला माहीत नाही, दहा मिनिटांत होतं आणि भांडंही एकच पडतं.

हा डबा नाश्त्याचा म्हणून विकतात पण आमच्याकडे निम्मा रात्री संपतो. मोडाच्या मुगाचं बिरडं, मटकीची खिचडी, उरलेल्या धिरड्याच्या पिठाची भाजी घालून केलेली जाड पोळी. सोमवारी रात्री मी साधी मूगडाळीची खिचडी करते, तांदूळ आणि डाळ समसमान, तेव्हा ५० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम तांदळात पंधरा-सोळा ग्रॅम प्रोटीन होतं, वर ताकाची कढी. बऱ्याच घरांत खिचडीत तांदूळ दुप्पट-तिप्पट असतो, तो फक्त समान केला तरी मोठा फरक पडतो. दादर मार्केटमध्ये सोललेले वाल मिळतात ते माहितीच असेल, ते मी ऑफिसमधून येताना घेते आणि डाळिंब्यांची उसळ करते. त्यातही तेच आहे, वाल कुणीतरी भिजवून, मोड आणून, एकेक सोलून दिलेत म्हणूनच माझ्याकडे आठवड्यात डाळिंब्या होतात, नाहीतर त्या सणालाच झाल्या असत्या. अंडी खाणाऱ्यांनी सहा-आठ अंडी रविवारीच उकडून सालासकट फ्रीजमध्ये ठेवावीत, आठवडाभर टिकतात, एका अंड्यात सहा ग्रॅम. काकूंकडे अंडी नाहीत, त्यांचं स्वयंपाकघर शाकाहारी आहे.

आता तक्रारी, आणि त्या आहेत.

डब्यासोबत येणारी शेंगदाण्याची चटणी खारट असते. चव चांगली, लसूण भाजलेला, तिखट बेताचं, पण मीठ जास्त. आमच्या आईंना बीपीही आहे, त्यांना मी ती देत नाही, घरी वेगळी कुटते. दोनदा सांगितल्यावर थोडं कमी झालं पण अजून हवं तसं नाही. मीठ वेगळं घ्या म्हणावं, चटणी अळणी द्या, ज्याला हवं तो घालेल. उन्हाळ्यात धिरड्याचं पीठ गुरुवारपर्यंत आंबतं, चिठ्ठीवर शुक्रवार लिहिलेला असतो. याला उपाय म्हणून मी आल्या आल्या पिठाचे दोन भाग करते, एक फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ठेवते, जिथे थंडावा जास्त असतो, दरवाज्यात नाही, आणि दुसरा सरळ फ्रीझरमध्ये, तो बुधवारी रात्री खाली काढायचा. पण हे सगळ्यांना सुचेल असं नाही, तेव्हा एप्रिल-मेमध्ये त्यांनी तारीखच अलीकडची लिहायला हवी. पावसाळ्यात डबा देणारा मुलगा सायकलवर येतो, हिंदमाताला पाणी भरलं की उशीर होतो, तो मी धरत नाही, पण आप्प्यांच्या पिठाच्या डब्याचं झाकण सैल असतं आणि एकदा अर्धी पिशवी पिठाने माखली होती. कळवल्यावर पुढच्या आठवड्यात झाकणाला रबर लावून आलं, पैसे वळते करून द्यायचा विषय मात्र त्यांनी काढला नाही, तो काढायला हवा होता.

मधे त्यांनी ओट्स आणि चियाच्या बरण्याही सुरू केल्या होत्या, गिऱ्हाइकांनी मागितलं म्हणून. मी घेऊन बघितल्या. वाईट नव्हत्या, पण त्यात काकूंचा हात दिसत नव्हता, गोडही बरंच होतं. ४० ग्रॅम ओट्स आणि पेलाभर दूध याचे मिळून बारा-तेरा ग्रॅम होतात, त्यात वाईट काही नाही, ज्याला सकाळी गॅस पेटवायचाच नाही त्याला ती सोय आहे. लोअर परळला ऑफिसजवळ एका कॅफेत अशीच बरणी साडेतीनशेला मिळते, झाकणावर मोठ्या अक्षरात 'हाय प्रोटीन', मागे घटक वाचले तर दुसऱ्या क्रमांकावर साखरेचा पाक आणि प्रोटीनचा आकडा कुठेच नाही. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे दुसऱ्या क्रमांकावर पाक असेल तर तो भरपूर आहे असं समजायचं. काकूंनी बरण्या आता बंद केल्यात. मला विचाराल तर बरं केलं.

किंमतीबद्दल. ९५० रुपयांत दहा ताटं धरली तर ताटामागे ९५ पडतात आणि दही, भाजी, तेल, गॅस आपला वेगळा. कच्चा माल आणून घरी केलं तर निम्म्याहूनही कमीत होईल, यात काही वाद नाही. घरात वेळ असलेलं आणि हौस असलेलं माणूस असेल तर त्यांनी हे विकत घेऊ नये असं मी स्पष्ट सांगेन, रविवारी एक तास काढा, मूग भिजवा, रात्री वाटा, झालं. पण तो तास ज्यांच्याकडे नाहीये त्यांनी ताटामागचे ते पन्नास रुपये दोन बायकांच्या मेहनतीला दिले तर मला ते महाग वाटत नाही. भाजणी भाजणं, मूग निवडणं, दिवसातून तीनदा मोडांवर पाणी शिंपडणं हे काम आपल्या आया-आज्यांनी फुकट केलं म्हणून ते स्वस्त आहे असं आपल्याला वाटत आलंय. आमच्या आईंनीही सुरुवातीला ९५० ऐकून डोळे मोठे केले होते, मग भाजणीचा वास घेतला आणि म्हणाल्या, "घे, मला आता कढईसमोर उभं राहवत नाही."

एकट्या राहणाऱ्यांसाठी छोटा डबा नाहीये, ही मोठी उणीव. परळमध्ये केईएम आणि टाटा हॉस्पिटलमुळे कितीतरी शिकाऊ डॉक्टर, नर्स, बाहेरगावाहून आलेले पेशंटचे नातेवाईक भाड्याच्या खोल्यांत राहतात, त्यांना असं साधं पौष्टिक खाणं सगळ्यात जास्त हवंय आणि दोन माणसांचा पाच दिवसांचा डबा त्यांच्या उपयोगाचा नाही, अर्ध्या खोल्यांत तर फ्रीजही नसतो. मी काकूंना म्हटलं की भाजणी, कुळीथ पीठ आणि चटणी हे तीन न नासणारे पदार्थ घेऊन एक सुका डबा काढा, फ्रीजशिवाय महिनाभर राहील, एक तवा आणि एक पातेलं असलं तरी पुरे. त्या विचार करतायत. "गणपती होऊन जाऊ दे, मग बघू," म्हणाल्या.

पहिल्यांदाच मागवणार असाल तर पूर्ण डबा न घेता फक्त धिरड्याचं पीठ आणि भाजणी सांगा, सुटं देतात, मागितलं तर. आप्प्यांचं पीठ पावसाळा संपल्यावर घ्या. चटणी सांगताना 'मीठ कमी' असं ऑर्डरमध्येच लिहा, फोनवर सांगितलेलं रविवारच्या गडबडीत राहून जातं. आणि रिकामे डबे वेळेवर परत करा, त्यांच्याकडे मोजकेच आहेत, एखाद्याने अडवून ठेवले की त्या आठवड्यात दुसऱ्या कुणाची तरी ऑर्डर त्यांना नाकारावी लागते.